भंगलेले सांधताना

धरमपुरीच्या घाटावर संध्याकाळच्या वेळी गेले की एक दृश्य हमखास नजरेस पडते. नर्मदेच्या काठी एखाद्या झाडाच्या बुंध्याशी काही मूर्ती आणि तसबिरी टेकवून ठेवलेल्या असतात. कोणा गणपतीची सोंड दुखावलेली असते, कोणा देवीचा हात निखळलेला असतो, एखाद्या तसबिरीची काच तडकलेली असते. खंडित मूर्ती घरात पूजेला ठेवू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. म्हणून घरातली माणसे ती मूर्ती आदराने उचलून आणतात, तिला अखेरचा नमस्कार करतात आणि नर्मदामाईच्या स्वाधीन करून परततात. हा संकेत श्रद्धेतून आलेला आहे. त्याविषयी मला काही वावगे सुचवायचे नाही. परंतु त्या झाडाखालून परतताना एक विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे. मूर्तीच्या बाबतीत जे उचित, तेच आपण नकळत माणसांच्या बाबतीतही करीत नाही ना?

कारण माणसेही भंगतात. शिक्षिका या नात्याने माझा रोजचा संबंध मुलांशी आणि मुलांमागून त्यांच्या घरांशी येतो. एक मुलगा एकदा नापास होतो, दुसऱ्यांदा नापास होतो आणि तिसऱ्या वर्षी त्याचे नाव हजेरीपटावरून नाहीसे होते. नवऱ्याने टाकलेली एखादी बाई माहेरी येऊन राहते आणि हळदीकुंकवाला तिला बोलवावे की न बोलवावे, याची घरोघर कुजबुज चालते. दारूपायी नोकरी गमावलेला गृहस्थ, दिवाळे निघालेला दुकानदार, तुरुंगातून सुटून आलेला मनुष्य, या सर्वांना आपण शिव्या देत नाही. रस्त्यात भेटले तर विचारपूसही करतो. पण त्यांना पुन्हा आपल्यात घेत नाही. आदराने काठावर ठेवतो आणि घरी परततो. मूर्तीला त्याचे दुःख होत नाही, माणसाला होते.

आज मला बोलायचे आहे ते या काठावर राहिलेल्या माणसांविषयी. एकदा भंगलेले आयुष्य पुन्हा सांधते काय, आणि सांधत असेल तर कोणत्या बळावर, हा आजचा विषय आहे. मी ख्रिस्ती आहे, तेव्हा माझे उत्तर माझ्या श्रद्धेतून येणार हे उघड आहे. तथापि हा प्रश्न कोणा एका धर्माच्या लोकांचा नव्हे, हे मी जाणून आहे. म्हणून आरंभी माझ्या धर्माबाहेरचे एक उदाहरण सांगते. ते आपल्या शेजारच्या देवासचे आहे.

कुमार गंधर्व हे नाव मराठी माणसाला सांगायला नको. लहानपणीच ज्यांच्या गाण्याने थोरामोठ्यांना थक्क केले, असे हे गवई. ऐन पंचविशीच्या आत त्यांना क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ साली ते देवासला येऊन राहिले. कित्येक वर्षे गाणे बंद होते. पत्नी भानुमतीबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायाबापड्यांची लोकगीते ऐकत राहिले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्या सुमारास मिळू लागले होते आणि त्याने त्यांचा जीव वाचला. परंतु एक फुप्फुस कायमचे निकामी झाले. पुढे ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा जुने गाणे परत आले नाही. ते आले असते तर आपण त्याला नुसता बरा झालेला रोग म्हटले असते. जे आले ते वेगळेच होते. त्यात माळव्याची माती होती, निर्गुणी भजनांतले एकाकीपण होते आणि श्वास जपून वापरणाऱ्या माणसाची जाण होती. नवे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे नव्हे, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातून प्रथम समजली. पुढे आपल्या धर्मग्रंथाकडे वळून पाहिले तेव्हा तेथेही हीच गोष्ट सांगितलेली आढळली.

आम्हा कॅथलिकांच्या उपासनेच्या केंद्रस्थानी भंगलेली वस्तू आहे, हे ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमच्या वेदीवर जो क्रूस असतो त्यावरचा देह खिळ्यांनी विंधलेला, भाल्याने भेदलेला आहे. पवित्र मिस्साच्या वेळी धर्मगुरू भाकर हाती घेतात आणि ती मोडतात. वर्गातल्या मुलांना मी याचा साधा अर्थ सांगते की, अखंड भाकर दिसायला सुंदर असते, पण मोडल्याखेरीज ती चौघांत वाटता येत नाही. आणि सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुनरुत्थानाच्या कथेत आहे. प्रभू येशू मरणातून उठून शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवरचे व्रण गेलेले नव्हते. थोमा नावाच्या शंकेखोर शिष्याला त्याने तेच व्रण दाखविले आणि त्यावरूनच थोमाला ओळख पटली. ज्या देवाला मरणावर विजय मिळविता आला, त्याला चार व्रण पुसून टाकणे जड नव्हते. तरी त्याने ते ठेवले. गेलेल्या दुःखाची खूण अंगावर राहूनही मनुष्य नवा होऊ शकतो, हे सांगण्यासाठीच ते राहिले असावेत, असे मला वाटते.

पेत्राची कथाही याच प्रकारची आहे. येशूला पकडून नेले त्या रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला होता. पेत्र तेथे शेकत उभा होता. त्या विस्तवाच्या उजेडात त्याने तीन वेळा सांगितले की, हा मनुष्य माझ्या ओळखीचा नाही. कोंबडा आरवला आणि पेत्र बाहेर जाऊन ढसढसा रडला. पुढे काही दिवसांनी, पुनरुत्थानानंतर, सरोवराच्या काठी पुन्हा एक विस्तव दिसतो. तोही कोळशाचाच. या वेळी तो खुद्द येशूने पेटविलेला आहे, त्यावर मासळी भाजत ठेवलेली आहे, आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना तो न्याहारीला बोलावीत आहे. न्याहारी झाल्यावर तो पेत्राला तीनदा एकच प्रश्न विचारतो, माझ्यावर तुझी प्रीती आहे काय? तीन नकारांच्या जागी तीन होकार बसतात. झाल्या गोष्टीबद्दल बोल लावलेला नाही, आणि ‘काही झालेच नाही’ अशी बतावणीही नाही. जेथे मोड झाली होती तेथेच सांधा घातला गेला. हा सांधा घालण्यासाठी प्रथम पाऊल उचलले ते ज्याचा विश्वासघात झाला होता त्याने, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ही दोन हजार वर्षांपूर्वीची कथा झाली. परंतु श्रद्धेची परीक्षा जुन्या कथांत होत नाही, आपल्या गावच्या वाटेवर होते. म्हणून आता दोन स्त्रियांची हकीकत सांगते. एक आपल्या महाराष्ट्राची आहे. दुसरी केरळात जन्मली, पण तिचे रक्त आपल्या या देवास जिल्ह्यातल्या मातीत मिसळले आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते, आईही शिकलेली होती. तीर्थयात्रा करीत फिरणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. आई गेली, वडील गेले, थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई दोघेच उरले आणि पायी भारतभर हिंडले. १८८० साली भाऊही गेला. लग्न झाले, कन्या मनोरमा जन्मली आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ साली, पतीचे निधन झाले. पंचविशीही पुरी न झालेल्या या स्त्रीचे किती वेळा घर मोडले, ते मोजून पाहावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून आपल्या समाजात मोठे वादळ उठले आणि त्यांनी ते सोसले. त्या माझ्या पंथाच्या नव्हत्या, पण त्यावाचून माझे काही अडत नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार, बालविधवा मुलींना गोळा करून घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. भूक म्हणजे काय, आईबापांचे प्रेत समोर ठेवून बसणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. ज्या ठिकाणी त्यांचे आयुष्य मोडले होते, त्याच ठिकाणातून त्यांच्या हाताला बळ आले. भंगलेल्या माणसाला दुसऱ्या भंगलेल्याची हाक लवकर ऐकू येते.

दुसरी हकीकत सिस्टर राणी मारिया यांची. केरळातल्या पुल्लुवळी गावच्या वट्टालिल या शेतकरी घराण्यात १९५४ साली त्यांचा जन्म झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्या धर्मभगिनी झाल्या आणि उत्तरेकडे सेवेसाठी आल्या. १९९२ साली त्यांची नेमणूक देवास जिल्ह्यातल्या उदयनगर येथे झाली. त्या मुलखात आदिवासी आणि भूमिहीन शेतमजुरांची वस्ती मोठी. सावकाराकडून घेतलेले थोडेसे कर्ज बापाकडून मुलाकडे चालत यावे आणि व्याज फेडता फेडता मुद्दल जागच्या जागी राहावे, हा तिथला नित्याचा प्रकार. राणी मारियांनी खेडोपाडी हिंडून लोकांना एकत्र केले. सरकारी योजना कोणत्या, बँकेचे कर्ज कसे मागावे, सही कोठे करावी आणि कोठे करू नये, हे त्यांनी समजावून सांगितले. बायांचे बचतगट उभे केले. लोक सावकाराकडे जाईनासे झाले. साहजिकच ज्यांचा धंदा बुडू लागला त्यांचा रोष झाला.

१९९५ सालच्या फेब्रुवारीची २५ तारीख. सकाळी राणी मारिया उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. वाटेत नाचनबोरच्या डोंगराळ रानात एका तरुणाने सुरा काढून त्यांच्यावर वार केले आणि त्यांना बसबाहेर ओढून आणखी वार केले. बसमध्ये माणसे होती, पण कोणाची छाती झाली नाही. त्यांच्या देहावर एकूण ५४ जखमा मोजल्या गेल्या. येशूचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षांचे होते. मारणारा तरुण समंदरसिंह त्याच भागातला होता. दुसऱ्यांच्या चिथावणीने तो या कामाला उभा राहिला होता. न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा दिली आणि तो इंदूरच्या तुरुंगात गेला.

येथवरची हकीकत दुर्दैवाने अपूर्व नाही. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. अपूर्व आहे ते पुढचे. स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते. संन्याशाप्रमाणे भगवी वस्त्रे नेसत आणि तुरुंगातल्या कैद्यांना भेटत. ते समंदरसिंहाला भेटू लागले. सुडाच्या विचाराने त्याचे डोके भणाणलेले होते. ज्यांनी आपल्याला पुढे केले आणि मग वाऱ्यावर सोडले, त्यांचा सूड त्याला घ्यायचा होता. स्वामींनी त्याला उपदेशाचे डोस पाजले नाहीत. ते पुन्हा पुन्हा गेले आणि त्याचे ऐकत राहिले.

राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, ही त्याच संघाची धर्मभगिनी आहे. २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास ती तुरुंगात गेली. जिच्या बहिणीच्या अंगावर ५४ जखमा झाल्या होत्या, ती त्या जखमा करणाऱ्या मनुष्यापुढे उभी राहिली आणि तिने त्याच्या मनगटाला राखी बांधली. त्याला भाऊ म्हटले. तो रडला. पुढे राणी मारियांच्या वृद्ध आईनेही त्याची भेट घेतली आणि त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. या हातांना माझ्या मुलीचे रक्त लागलेले आहे, असे त्या माउलीचे म्हणणे होते. श्रोतेहो, आई म्हणून मी हे वाक्य पुष्कळदा मनाशी घोळविले आहे. पहिल्याने ते मला असह्य वाटे. मुलीचा स्पर्श जेथे अखेरचा राहिला ते हे हात, असे त्या आईला वाटले असेल काय? ते कोडे मी उलगडू शकत नाही. ते तसेच तुमच्यापुढे ठेवते.

कुटुंबीयांनी आणि धर्मभगिनींनी समंदरसिंहाच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ साली, अकरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर, तो सुटला. सुटल्यावर तो केरळात त्या घरी गेला. ज्या घरातली मुलगी त्याने हिरावून घेतली होती त्या घराने त्याला आत घेतले. तो गावी परतून शेती करू लागला आणि उदयनगरला राणी मारियांच्या समाधीवर जाऊ लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये मोठ्या जनसमुदायासमोर, पोप फ्रान्सिस यांच्या वतीने आलेल्या कार्डिनल अँजेलो अमाटो यांनी राणी मारियांना हुतात्मा म्हणून ‘धन्य’ घोषित केले. त्या समुदायात समंदरसिंहही होता.

या हकीकतीतून काय घ्यावे? गोष्ट ऐकून डोळे ओले झाले एवढ्यावर थांबलो तर तिचा उपयोग नाही. मला तिच्यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट काळाची. खून १९९५ सालचा, राखी २००२ सालची. मधे सात वर्षे गेली. त्या सात वर्षांत त्या बहिणीने काय सोसले असेल ते तिलाच ठाऊक. क्षमा हा एका क्षणाचा उमाळा नव्हे. भाताचे रोप लावले आणि संध्याकाळी लोंबी आली, असे होत नाही. म्हणून ज्यांची जखम ताजी आहे त्यांनी, आपल्याला अजून क्षमा करता येत नाही याची लाज बाळगू नये. आमच्या धर्मात गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्यामध्ये एक पूर्ण शनिवार आहे. त्या दिवशी मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते, देव जणू थडग्यात असतो. कित्येकांचे आयुष्य त्या शनिवारात दीर्घकाळ थांबलेले असते. परंतु शनिवार हाही आठवड्याचाच एक दिवस आहे, त्यानंतर रविवार यायचा असतो, एवढी आशा धरून राहणे हेच त्या वेळचे भजन.

दुसरी गोष्ट न्यायाची. क्षमा आणि न्याय यांत विरोध आहे, असे काहींना वाटते. या प्रकरणात तसे झाले नाही. न्यायालयाने आपले काम केले, शिक्षा झाली, ती भोगली गेली. क्षमा केली म्हणून खून हा खूनच नव्हता, असे कोणी म्हटले नाही. हे मी मुद्दाम सांगते. कारण आपल्या घराघरांतून ‘जाऊ दे, क्षमा कर’ हा उपदेश नेहमी दुबळ्यालाच केला जातो. मार खाणाऱ्या सुनेला क्षमेचे धडे द्यायचे आणि मारणाऱ्याला काही विचारायचे नाही, याला ख्रिस्ती क्षमा म्हणता येणार नाही. येशूने आपले व्रण झाकले नाहीत, हे मी मघाशी सांगितलेच. अन्यायाला अन्याय म्हणूनच क्षमा करता येते. जे घडलेच नाही त्याची क्षमा कसली करायची?

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. समंदरसिंह स्वतःच्या बळावर नवा झाला नाही. त्याला कोणी तरी भेटायला गेले. भंगलेले मडके स्वतःला सांधू शकत नाही. बाहेरून हात यावा लागतो. आम्ही ज्याला देवाची कृपा म्हणतो ती आकाशातून आपोआप टपकत नाही, ती बहुधा कोणाच्या तरी पायांनी चालत येते. स्वामी सदानंदांच्या पायांनी ती तुरुंगाच्या दारापर्यंत आली आणि सेल्मी पॉल यांच्या हातांनी राखीच्या धाग्यातून आत शिरली. आणि लक्षात घ्या, ती राखीच होती. केरळच्या ख्रिस्ती घरातली ती बहीण. तिने आपली क्षमा बोलून दाखविण्यासाठी आपल्या या मुलखातला सण घेतला आणि त्या मनुष्याला कळेल अशा खुणेने ती त्याच्याशी बोलली.

आता थोडे स्वतःविषयी बोलणे भाग आहे. दुसऱ्याच्या क्षमेची थोरवी गाणे सोपे असते, म्हणून हे सांगते. माझे माहेर वसईकडचे. केळीची आणि फुलांची लहानशी वाडी वडिलांनी राखली होती. वडील वारले आणि थोरल्या भावाने हक्कसोडपत्राचा कागद माझ्यापुढे ठेवला. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा व मुलगी यांना सारखाच वाटा सांगितला आहे. परंतु कायदा पुस्तकात असतो आणि रीत घरात असते. ‘तुझ्या लग्नात सगळे दिले’ असे दादा म्हणाले. मी सही केली नाही. मीही काही बोलू नये ते बोलले. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले, ते नऊ वर्षे. या नऊ वर्षांत मी नित्यनेमाने प्रार्थना केली, प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ रोज म्हटली आणि ती म्हणताना दादांचा चेहरा समोर येऊ नये अशी तजवीजही रोज केली.

एका वर्षी २५ फेब्रुवारीला मी उदयनगरला गेले होते. समाधीपुढे गुडघे टेकले, तेव्हा मनात जो विचार आला त्याने मी ओशाळले. एक बहीण आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याला भाऊ म्हणू शकली आणि मला माझ्या सख्ख्या भावाला भाऊ म्हणता येत नव्हते. ज्याने मला अंगाखांद्यावर खेळविले, शाळेत सोडायला जो माझी पाटी घेऊन पुढे चालला, त्या भावाला. घरी येऊन मी पत्र लिहिले. त्यात जमिनीचा विषय काढला नाही आणि माझा हक्क सोडते असेही लिहिले नाही. कारण तसे लिहिणे खरे झाले नसते. फक्त एवढेच लिहिले की, त्या दिवशी मी जे शब्द बोलले त्यांबद्दल मला क्षमा करा, आणि तुमची प्रकृती कशी आहे ते कळवा.

चार महिने उत्तर आले नाही. पाचव्या महिन्यात दादा स्वतःच आले. रेल्वेने इंदूरला उतरले, तेथून बसने धरमपुरीला. हातात घरच्या राजेळी केळ्यांच्या सुकेळ्यांची पुडी होती. दोन दिवस राहिले. घाटावर माझ्याबरोबर येऊन बसले, नर्मदेचे पात्र पाहिले, समोरच्या बेटावरचे महादेवाचे मंदिर पाहिले. पुष्कळसे बोलणे आईवडिलांच्या आठवणींचे झाले. वाडीचा प्रश्न सुटला काय, असे कोणी विचारील तर, नाही, अजून सुटलेला नाही. दोघांनी बसून तो रीतसर सोडवायचा आहे आणि तो सुटेपर्यंत पुन्हा एखादे वेळी आवाज चढतीलही. परंतु आता तो दोन भावंडांतला प्रश्न आहे. पूर्वी तो दोन वैऱ्यांतला होता. हा फरक लहान नाही.

आमच्या या नर्मदेत सापडणाऱ्या गोट्यांविषयी माळव्यात म्हणतात की, नर्मदेतले कंकर तितके शंकर. ते गोटे असे वाटोळे आणि गुळगुळीत कसे होतात, हे मुलांना मी भूगोलाच्या तासाला शिकविते. कोठे तरी वरच्या डोंगरात खडक फुटतो. फुटलेला तुकडा अणकुचीदार असतो, हाताला कापतो. प्रवाह त्याला घेतो, दुसऱ्या दगडांवर घासतो, लोटतो, फिरवितो. कित्येक वर्षांनी तो हाती घ्यावा असा होतो. तो पुन्हा डोंगर होत नाही. परंतु जो फुटलाच नसता तो प्रवाहात आलाही नसता. फुटलेल्या तुकड्याने प्रवाहाच्या बाहेर काठावर पडून राहू नये, एवढेच त्याच्या हाती असते. बाकीचे काम पाण्याचे आहे. ज्या प्रवाहात मी स्वतःला टाकले आहे त्याला मी ख्रिस्ताची प्रीती म्हणते. आपण आपल्या श्रद्धेप्रमाणे त्याला आणखी काही नाव द्याल.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्री निजण्यापूर्वी एवढे करून पाहावे. आपण ज्याला आदराने काठावर ठेवून आलो आहोत अशा एका माणसाचे नाव आठवावे. तो परीक्षेत पडलेला पुतण्या असेल, माहेरी परतलेली शेजारीण असेल, तुरुंगातून सुटलेला गाववाला असेल किंवा अबोला धरलेला सख्खा भाऊ असेल. कदाचित ते नाव आपले स्वतःचेच असेल. कारण पुष्कळदा आपण स्वतःलाच खंडित समजून झाडाखाली ठेवून आलेलो असतो. त्या नावापाशी उद्या एक पाऊल टाकावे. मोठे काही करण्याची गरज नाही. एक पत्र पुरते, एक भेट पुरते, विस्तवाशेजारी बसून घेतलेली एक न्याहारी पुरते. सांधा लगेच बसेल असे वचन मी देऊ शकत नाही. परंतु पाऊल टाकल्यावाचून तो कधीच बसत नाही, हे मात्र नऊ वर्षांच्या अनुभवाने सांगते.